पगार आणि पत्ता

गिटलॅब ही कंपनी ऑफिस हा प्रकारच ठेवत नाही. माणसं देशोदेशी घरी बसून काम करतात. पगार ठरवायचं सूत्र तिने आपल्या हँडबुकात जगासमोर मांडून ठेवलं होतं, हे विशेष. त्या पदाचा सॅन फ्रान्सिस्कोतला दर घ्यायचा, हुद्द्याच्या आकड्याने गुणायचं आणि मग ‘लोकेशन फॅक्टर’ने. हा शेवटचा आकडा बहुतेक गावांना एकाच्या खालीच. आधी तो घरभाड्यावरून काढत. पुढे कंपनी सांगू लागली की आम्ही राहणीचा खर्च बघत नाही, तिथला बाजारभाव बघतो. मला हे दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. राहणीखर्च म्हटलं की कोणीतरी आपल्या किराण्याची काळजी करतंय असं वाटतं. बाजारभाव म्हणजे तुम्हाला गावात दुसरं कोण किती देईल, एवढंच.

*

त्याच गिटलॅबची सुरुवात युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी 2011 मध्ये केली. त्यांच्या घरात नळ नव्हता, पाणी सार्वजनिक विहिरीवरून आणावं लागे. त्या घराचा लोकेशन फॅक्टर किती निघाला असता कोण जाणे. कोड मात्र जगभर चालला.

*

उलट टोकाला होती बेसकॅम्प ही कंपनी. कुठेही राहा, पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या दराने. रेडिटनेही ऑक्टोबर 2020 मध्ये गावागणिक पगार बंद केले, पण अमेरिकेपुरते. 2022 मध्ये एअरबीएनबीने कर्मचाऱ्यांना देशात कुठेही राहायची मुभा दिली, पगार तोच. देश बदलला की हिशोब बदलला. म्हणजे समता इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत.

*

मे 2020 मध्ये फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की घरून काम करायला स्वस्त गावी गेलात तर पगार त्या गावाप्रमाणे होईल. कोण कुठून लॉगिन करतं ते कंपनी तपासणार होती. खोटा पत्ता दिलात तर परिणाम गंभीर. स्ट्राइप या कंपनीने त्याच वर्षी गोडीने घेतलं: महागडं शहर सोडणाऱ्याला एकदाच 20,000 डॉलर, आणि मूळ पगारात 10 टक्क्यांपर्यंत कपात. दोन वर्षांनंतर त्या वीस हजारांचं काय उरतं, हे गणित ज्याने त्याने करावं.

*

आपल्याकडच्या आयटीवाल्यांना यात नवल वाटू नये. ‘ऑनसाइट’ म्हणजे दुसरं काय होतं? हिंजवडीतला पोरगा न्यू जर्सीला गेला. क्लायंट तोच, कोड तोच, रात्रीचे कॉलही तेच, फक्त आता दिवसा. पगार एकदम डॉलरमध्ये, कारण एच-1बी व्हिसावरच्या माणसाला त्या भागातल्या प्रचलित दराच्या खाली ठेवता येत नाही, असा तिथला कायदा. परत आला की पुन्हा रुपये. कोणी विचारलं नाही की कामाची किंमत विमानात कुठे वाढली आणि कुठे उतरली. नातेवाइकांत तर हिशोब ठरलेलाच: ‘तिकडे’ किती, ‘इकडे’ किती.

*

केंद्र सरकारचा कारकून मुंबईत असो की गडचिरोलीत, मूळ वेतन एकच. गावाचा फरक घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगानंतर एक्स, वाय, झेड शहरांना 24, 16, 8 टक्के. महागाई भत्ता पन्नाशीला पोचल्यावर 30, 20, 10. मुंबई-पुणे एक्स, कोल्हापूर वाय, गडचिरोली झेड. रटाळ सरकारी व्यवस्था, पण पगाराच्या चिठ्ठीवर कामाची ओळ वेगळी आणि जागेची वेगळी. बदली झाली की नेमकं काय गेलं ते बोट ठेवून दाखवता येतं. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे नोकरही असेच: एक मूळ तक्ता, वर भागागणिक टक्के. जगभर पसरलेल्या नव्या कंपन्यांनी या दोन ओळी एकात कालवल्या, आणि मग माणसाला वाटतं की कमी लेखलं ते आपल्यालाच. मला तरी त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

*

संयुक्त राष्ट्रांनी एकच श्रेणी आणि स्थानिक दर, दोन्ही ठेवलंय. वरच्या, आंतरराष्ट्रीय हुद्द्यांना जगभर एकच वेतनश्रेणी, वर गावागणिक भर, त्यासाठी न्यूयॉर्क हा पाया. ड्रायव्हर आणि कारकून मात्र स्थानिक दराने. दोन्हींना भारदस्त तत्त्वांची नावं आहेत, नोबलमेअर आणि फ्लेमिंग. जिनिव्हातली भर कापली तेव्हा वरचे लोक कोर्टात गेले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लवादाने कपात रद्द ठरवली, पण त्याच्या कक्षेतल्या संस्थांपुरती. मग एकाच शहरात, एकाच हुद्द्याला, दोन दर.

*

नोकरीची ऑफर हातात असलेल्या भाचीला एवढंच सुचवलं: पुण्याहून चिपळूणला गेलीस तर किती कापणार, हे ते आपणहून सांगतील. चिपळूणहून पुण्याला आलीस तर वाढवणार का, ते तू विचार. गिटलॅबच्या हँडबुकातही गाव बदलायचं तर आधी विचारून मंजुरी घ्या, असंच होतं.