उजेड हवा, गळती नको!

भिंतीला भिंत लागून असलेल्या गावातल्या घरांत मधल्या खोलीला खिडकी नसते. उजेड येतो तो वरून. जुन्या धाब्याच्या घरांत त्या झरोक्याला साणे म्हणत, आता स्लॅबवर बसवतात ती स्कायलाइट. नाव काही असो, धान्य निवडणे, शिवण, मुलांचा अभ्यास सगळे त्या चौकोनाखालीच चालते.

आमच्या सोलापूरच्या घरातली जुनी काच तडकली म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात तिथे पॉलिकार्बोनेटची शीट बसवली. पहिल्याच मोठ्या पावसात खाली बादली ठेवावी लागली. मिस्त्री आला, कडेने डांबर फासून गेला. पुढच्या पावसात पुन्हा टपटप! सासूबाई म्हणाल्या, "अगं, बुजवून टाका ते एकदाचं." ह्यांचेही मत तेच. म्हणाले, एलईडीची पट्टी लावू. मी म्हटलं, "बुजवल्यावरही पाणी येत राहिलं तर? आधी ते शिरतं कुठून ते तर बघू."

एका कोरड्या रविवारी हे पाण्याची नळी घेऊन गच्चीवर गेले, मी खाली वर बघत बसले. पाणी नेहमी खालून वर सोडत जायचे. आधी झरोक्याभोवतीच्या विटांच्या कट्ट्याच्या बुडाशी, मग चौकटीवर, शेवटी शीटवर, आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे. सगळीकडे एकदम ओतले तर काहीच कळत नाही. नळी कट्ट्याच्या बुडाशी असतानाच थेंब पडला, तोही समोरच्या कोपऱ्यात! पाणी शिरते एकीकडे, चौकटीखालून वाहत जाते आणि पडते दुसरीकडे.

मग उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी गच्चीला नवा कोबा केला, तेव्हा सहा इंचांचा कट्टा दोनच इंच वर उरला होता. त्यात जुनी चौकट ठोकून काढताना गिलाव्याला भेग पडली. गच्चीवर पाणी तुंबले की ते भेगेतून आत. वरच्या डांबराचा काय उपयोग?

दुसऱ्या गवंड्याकडून कट्टा कोब्याच्या वर सहा इंच करून घेतला आणि बुडाशी गोलसर वाटा मारून घेतला. शीटला थोडा उतार दिला आणि तिची कड कट्ट्याबाहेर काढली. ही शीट उन्हाने वाढते, चाळीस अंशांच्या फरकाला मीटरमागे अडीच-तीन मिलिमीटर. म्हणून स्क्रूची भोके जरा मोठी ठेवायची, रबरी वॉशर घालायचे आणि स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. उन्हापासून संरक्षण असलेली बाजू वर आहे ना, हे बसवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

जानेवारीत पहाटे पुन्हा थेंब! सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" पण पाऊस कुठे होता? रात्री शीट थंडगार पडते. पहाटे आंघोळीच्या पाण्याची, चहाची वाफ वर जाऊन तिला लागते आणि भातावरच्या झाकणासारखा तिला आतून घाम येतो. त्या वेळी मागचे दार उघडे ठेवू लागलो, तसे थेंब थांबले. तिथे पुन्हा डांबर फासले असते तर पैसे फुकट गेले असते.

तेव्हा मैत्रिणींनो, थेंब दिसला की आधी कॅलेंडरवर तारीख, वेळ आणि पाऊस होता की नाही ते लिहून ठेवा. मिस्त्रीला वर पाठवण्यापूर्वी त्याला ते दाखवा. शीटवर कुणालाही पाय ठेवू देऊ नका, आणि खालून लोखंडी जाळी असू द्या.

आमच्याकडे बुजवण्याची गोष्ट आता कुणी काढत नाही. दुपारी त्या उजेडात वाती वळायला सासूबाईच आधी जागा धरतात!