३३ नॅनोफॅरड

गिरणीवाले काका दारातच म्हणाले, "ताई, म्या काई केलं नाई. सील पाहून घ्या."

सील शाबूत होतं. अकोल्याजवळचं गाव, मे महिना, दुपारचे अडीच. तपासणी पथकानं ॲक्युचेक हे मीटर तपासायचं यंत्र लावून मीटर दोनेक टक्के स्लो असल्याचा शेरा मारला होता, आणि मीटर स्लो निघालं की आपल्याकडे पहिली नजर ग्राहकाकडे वळते. ते मीटर एकदा आमच्या नाशिकच्या कारखान्यात येऊन गेलं होतं. बेंचवर, २७ अंशांना, खणखणीत निघालं. परत बसवलं, तर पुन्हा तोच शेरा. मग मला पाठवलं, कारण त्या मीटरचं इनपुट सर्किट माझं होतं.

त्या सर्किटचा मला अभिमान होता, हे कबूल करते. २००६च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकांची मीटरं स्टॅटिक असावीत असं ठरवलं, त्यानंतरचे ते दिवस. चकतीची मीटरं भराभर उतरत होती आणि आमच्यासारख्या लहान कारखान्यांनाही काम होतं. आमच्या मीटरमधली चिप सेकंदाला सुमारे नऊ लाख वेळा नमुने घ्यायची. यात एक गोम असते. त्या नऊ लाखांच्या आसपासचा गोंगाट आत शिरला, तर नमुने घेताना तो वेश पालटतो आणि खाली, थेट आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या शेजारी येऊन बसतो. एकदा तिथं बसला की खरा सिग्नल कोणता आणि तोतया कोणता, हे चिपला कळत नाही. म्हणून त्याला दाराबाहेरच अडवायचं. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, काही पैशांचा माल. ४.८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं.

पण हा दारवान ओळखीच्या माणसालाही क्षणभर थांबवतोच. ५० हर्ट्झची लाट या फिल्टरमधून जाताना सुमारे ०.६ अंश मागे पडते. त्याचं काही नाही, फक्त करंटची लाट आणि व्होल्टेजची लाट सारखीच मागे पडली पाहिजे. दोघांत फरक पडला की मीटरला पॉवर फॅक्टर चुकीचा दिसतो. फिल्टर काय अडवतो यापेक्षा दोन्ही फिल्टर जुळे आहेत की नाहीत, यावर मीटरचा प्रामाणिकपणा ठरतो.

हे मला पाठ होतं. म्हणूनच करंटच्या बाजूवर मी तीन आठवडे घातले. तिथला करंट मोजणारा शंट म्हणजे मँगॅनिनचा तुकडा, २०० मायक्रोओहमचा. रोध इतका कमी की त्याचा २ नॅनोहेन्रीचा इंडक्टन्ससुद्धा डोकं वर काढतो. १६ किलोहर्ट्झच्या पुढे शंटवरचा सिग्नल चढायला लागतो आणि फिल्टरनं केलेली उतरण सपाट करून टाकतो. शिवाय ५० हर्ट्झलाही ०.१८ अंशांची गडबड. त्यावर उतारा म्हणून मी १०० ओहम आणि १०० नॅनोफॅरडची आणखी एक जोडी टाकली, बरोबर त्याच १६ किलोहर्ट्झवर. चढ आणि उतार एकमेकांत विरले. बेंचवर पॉइंट फाइव्ह लॅगची, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.५ असतानाची, एरर जवळजवळ शून्यावर आली, त्या दिवशी मी सगळ्या लॅबला वडापाव खाऊ घातला.

व्होल्टेजच्या बाजूला मात्र अर्धा तास दिला. वरून रेझिस्टरांची माळ, खाली १ किलोओहम, त्यावर ३३ नॅनोफॅरड. झालं.

गिरणीत मी आमचं रेफरन्स मीटर लावलं. चक्की रिकामी फिरत होती, तेव्हा जवळपास दोन टक्के स्लो. काकांनी गहू ओतले, मोटरवर भार आला, आणि एरर निम्म्याहून खाली गेली. मोटर बंद करून नुसती विजेची शेगडी लावली, तर मीटर चोख. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, भिंत थंड असताना, रिकाम्या चक्कीवरही मीटर चोख.

पिठाच्या बिलाच्या पाठीमागे मी आकृती काढली. शेगडीत दोन्ही लाटा एका तालात असतात, तिथं पाव-अर्ध्या अंशाचा फरक कुठल्या कुठे जिरतो. लाटा ६० अंशांनी लांब असल्या की तोच अर्धा अंश दीड टक्का खातो. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.३ म्हणजे त्याहून वाईट. दोष कोनाचा होता, आणि उन्हाबरोबर चढत होता. पत्र्याची पेटी पश्चिमेच्या भिंतीवर होती. दुपारी तिला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

नाशिकला परतल्यावर त्याच बॅचचं एक मीटर उघडून बेंचवर चालू केलं आणि हेअर ड्रायर घेतला. शंटच्या बाजूला गरम हवा मारली, काही नाही. व्होल्टेजच्या बाजूला मारली आणि पॉइंट फाइव्ह लॅगची एरर डोळ्यांदेखत खाली घसरली. तो कपॅसिटर काढून ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये मोजला. ३३चे १३ राहिले होते.

तो वाय-फाइव्ह-व्ही जातीचा होता. ही सिरॅमिकची स्वस्त जात. ८५ अंशांपर्यंत तिला ८२ टक्के कमी व्हायची मुभा असते, आणि तीही डेटाशीटवर उघड छापलेली. शंटच्या बाजूचे होते एक्स-सेव्हन-आर, जे १२५ अंशांपर्यंत १५ टक्क्यांच्या आत राहतात. जुळ्यांतला एक उन्हात वाळला, दुसरा तसाच.

मी तरातरा परचेसकडे गेले. भांडायच्या पूर्ण तयारीनं. तिथल्या दादांनी शांतपणे फाइल काढून मालाची यादी समोर ठेवली. करंटच्या ओळीत सगळं होतं: ३३ नॅनोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स-सेव्हन-आर, पाच टक्के. व्होल्टेजच्या ओळीत: ३३ नॅनोफॅरड, ५० व्होल्ट. पुढे मोकळी जागा. तळाशी माझी सही.

"मॅडम, जे लिहिलं ते आणलं," दादा म्हणाले. इनवर्डनंही खोलीच्या तापमानाला मोजून पास केलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं?

त्या बॅचची मीटरं परत मागवून बदलायला चार महिने लागले. अहवाल मी लिहिला. ग्राहकाचा दोष नाही, हे वाक्य मी पहिलंच ठेवलं. वरिष्ठांनी ते तिसऱ्या पानावर सरकवलं, मी पुन्हा वर आणलं.

काकांचं मीटर मी स्वतः बसवलं. शेरा रद्द झाल्याचं पत्र दाखवलं, ते त्यांनी दोनदा वाचलं आणि देवाच्या फोटोमागे खोचलं. निघताना म्हणाले, दोन किलो पीठ घेऊन जा. मी नको-नको म्हणत असतानाच त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली आणि बाजूला झाले.

"पाहून घ्या, ताई."

मी वाकून पाहिलं.