चुकीचा माग: सुतारकामाच्या प्राथमिक शिक्षणाविषयी

हातांनी केलेल्या सुतारकामात वस्तूचा दर्जा शेवटच्या क्षणापर्यंत अनिश्चित राहतो, आणि या कामाचे शिक्षण कसे घडते हे समजून घ्यायचे तर या अनिश्चिततेपासूनच सुरुवात करावी लागते. ब्रिटिश फर्निचर-रचनाकार आणि अभ्यासक डेव्हिड पाय यांनी १९६८ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार मानले: ज्या कामात फळाचा दर्जा करणाऱ्याच्या लक्षावर, निर्णयावर व हस्तकौशल्यावर अवलंबून असल्यामुळे तो काम चालू असताना सतत पणाला लागलेला असतो, ती जोखमीची कारागिरी, आणि ज्या कामात साचा किंवा यंत्र यांमुळे फळ आधीच ठरलेले असते, ती निश्चितीची कारागिरी. नवशिक्याच्या चुका पहिल्या प्रकारातील जोखमीतून उद्भवतात, आणि त्या चुकांची कारणे शोधत गेल्यानेच त्याचे कौशल्य वाढते. चुका होत राहिल्या म्हणून हात आपोआप सुधारत नाही. प्रत्येक चुकीचा माग तिच्या कारणापर्यंत काढता आला, तरच पुढचा प्रयत्न आधीच्या प्रयत्नापेक्षा वेगळा ठरतो.

प्रस्तुत विवेचन एका सागवानी चौरंगाच्या घडणीवर आधारलेले आहे; प्रस्तुत लेखकाने प्रौढ वयात, विजेच्या यंत्रांविना, करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढ्या हत्यारांनिशी तो घडवला. चौरंग दिसायला साधा असला तरी फळी सपाट करणे, काठ जुळवून रुंद माथा तयार करणे, पाय व आडव्या पट्ट्या सांध्याने जोडणे आणि माथा चौकटीवर बसवणे ही सुतारकामाची बहुतेक मूलभूत कामे त्यात येतात, म्हणून प्राथमिक अभ्यासासाठी ही वस्तू विशेष उपयुक्त ठरते.

पहिली अडचण रंध्याची. रंधा म्हणजे लाकडी वा लोखंडी ठोकळ्यात तिरके बसवलेले पाते, जे पुढे ढकलताना फळीचा पातळ थर काढते. रंधलेला पृष्ठभाग नीट निरखला, तर दोष कुठे आहे ते तोच सांगतो. फळीभर एकच सलग उंच रेघ उमटत असेल, तर पात्याच्या धारेला त्या जागी खाच पडलेली असते. पापुद्रा केवळ एका बाजूने निघत असेल, तर पाते वाकडे बसलेले असते. आणि पापुद्र्याऐवजी भुसाच निघत असेल, तर बहुतेक वेळा धार गेलेली असते. सागवानात सिलिका असल्यामुळे धार लवकर बोथटते, याची कल्पना नसलेला नवशिका अधिक जोर लावतो, आणि त्या जोरामुळे रंधा फळीच्या दोन्ही टोकांना खाली झुकून पृष्ठभाग मध्ये फुगीर राहतो. अशा वेळी फुगवटा हा हाताचा दोष भासतो, परंतु त्याचे मूळ धारेत असते. दगडावर पाते घासताना मागच्या बाजूस धातूची बारीक, खरखरीत कोर कडेच्या पूर्ण लांबीभर बोटाला लागेपर्यंत धार खऱ्या अर्थाने लागलेली नसते, हे ध्यानात आल्यावर प्रस्तुत लेखकाच्या कामातील पुष्कळसे दोष हाताच्या अधिक सरावावाचूनच नाहीसे झाले.

धार चांगली असूनही पृष्ठभागावर खड्डे पडत असतील, तर लाकडाच्या तंतूंची दिशा तपासावी लागते. झाडाच्या खोडातील तंतू फळीच्या पृष्ठभागाला क्वचितच अगदी समांतर असतात. ते ज्या बाजूला वर चढत जातात त्या दिशेने रंधा चालवला तर पाते त्यांना स्वच्छ कापते, आणि उलट दिशेने चालवला तर ते तंतूंच्या खाली शिरून त्यांना उचकटते. फळीच्या काठावरील रेषा पाहून ही दिशा आधी ओळखता येते, मात्र गाठीच्या आसपास ती पालटते, आणि तेथे पाते कमी बाहेर काढून अतिशय पातळ थर घेणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

करवतीच्या बाबतीत कारणे अशी सहज वेगळी होत नाहीत. काप रेषेवरून ढळला, तर उभे राहण्याची पद्धत चुकलेली असू शकते, कारण कोपर, मनगट आणि करवत एका सरळ रेषेत नसतील तर पाते वळतेच. किंवा करवतीच्या दातांना दोन्ही बाजूंना दिलेली मुरड असमान असू शकते, आणि तशी असल्यास ज्या बाजूची मुरड जास्त, त्या बाजूकडे काप ओढला जातो. या दोन शक्यतांचा निवाडा करण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते: तीच करवत अनुभवी माणसाच्या हातातही त्याच बाजूला जात असेल तर दोष करवतीचा, नाहीतर अंगस्थितीचा. प्रायोगिक विज्ञानातील मूलभूत शिस्त येथे कारखान्याच्या बाकावर, कोणत्याही परिभाषेशिवाय, अंगवळणी पडते.

सांधा हा या सर्व पूर्वतयारीचा हिशेब मागणारा टप्पा होय. चौरंगाचे पाय आणि आडव्या पट्ट्या कुसू व खोबण या सांध्याने जोडल्या जातात. पट्टीच्या टोकाला कोरलेला जाडीने कमी असलेला भाग म्हणजे कुसू, आणि तो ज्यात बसतो तो पायातील आयताकृती खड्डा म्हणजे खोबण. कुसवाची जाडी साधारणपणे पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे कुसू आणि खोबणीच्या भिंती यांपैकी कोणताही भाग फार कमकुवत राहत नाही. सांधा बसवल्यावर पट्टी आणि पाय यांच्यामध्ये फट राहिली, तर नवशिका ती फट भुसा व सरस यांनी भरू पाहतो. पण फट कशी आहे हे आधी पाहिले पाहिजे. ती एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस बारीक असेल, तर कुसवाच्या बुडाशी असलेली पट्टीची कड काटकोनात कापलेली नाही. ती सर्वत्र सारखी असेल, तर कुसू खोबणीच्या तळाला टेकतो आहे आणि तळाशी एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी होती. चारही सांधे जुळल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत का ते पाहतात, कारण समोरासमोरच्या बाजू समान असलेली चौकट कर्ण समान असतील तेव्हाच काटकोनी असते.

सर्वांत उशिरा कळणारी चूक मात्र लाकडाच्या हालचालीविषयीची. लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार ओलावा शोषते व सोडते, आणि त्यानुसार आडव्या दिशेने फुगते व आकसते. लांबीच्या दिशेने होणारा बदल नगण्य असतो. ओले सागवान पूर्णपणे वाळवले, तर वाढवलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. यावरून हिशेब केला, तर ३०० मिलिमीटर रुंदीच्या माथ्यातील ओलावा पावसाळा आणि उन्हाळा यांदरम्यान पाच टक्क्यांनी बदलल्यास रुंदीत जवळजवळ ३ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. माथा चौकटीला सर्व बाजूंनी सरसाने व स्क्रूने पक्का केला, तर हा फरक जाण्यास जागा न मिळून फळी तडकते. म्हणून मधोमध पक्का जोड देऊन कडांच्या स्क्रूंसाठी लांबट भोके ठेवतात. जुन्या दारांच्या चौकटीतील फळी खोबणीत सरसाशिवाय मोकळी बसवण्यामागेही हेच कारण आहे.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते की दोष दिसतो ती जागा आणि दोष घडतो ती जागा बहुधा वेगळ्या असतात. सांध्यातील फट आखणीत निर्माण होते, आखणीतील चूक सपाट न झालेल्या फळीत, आणि फळीतील वाकडेपणा बोथट धारेत. अनुभवी सुताराचे मार्गदर्शन मोलाचे ठरते ते याच कारणाने, कारण तो कोणत्या टप्प्याकडे पाहायचे ते सांगून हा शोध पुष्कळ लहान करतो. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचारात हस्तव्यवसाय हा इतर विषयांच्या शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला गेला, आणि भूमिती, पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र यांचा संबंध एका चौरंगात ज्या नैसर्गिकपणे येतो तो पाहता ती भूमिका आजही विचारात घेण्यासारखी आहे. नवशिक्याने बिघडलेले तुकडे जाळून न टाकता त्यांवर दोषाचे कारण लिहून ठेवावे आणि पुढील काप त्या नोंदीशी ताडून घ्यावा. या सवयीतून मिळणारे ज्ञान कोणत्याही तयार सूचनेपेक्षा अधिक टिकाऊ असते, कारण ते विशिष्ट लाकडावर, विशिष्ट हत्याराने आणि स्वतःच्या हाताने पडताळलेले असते.