महाबळेश्वर की माथेरान?

बारामतीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला थंड हवेच्या ठिकाणाचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. मोरोपंतांनी याच गावात राहून एवढे विपुल काव्य कसे लिहिले, याचे मला दर मे महिन्यात नव्याने आश्चर्य वाटते. त्यांच्या आर्या शिकवता शिकवता माझाच घसा कोरडा पडतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी दोन पक्ष पडले. थोरली जुलैत नोकरीसाठी बंगळुरूला जायची होती. अण्णांना ऐंशीवे लागलेले. पाचही जणांनी एका गाडीत बसून कुठे जाण्याचा योग पुन्हा येईल की नाही, हे कोणी बोलून दाखवत नव्हते. पण त्यामुळेच वादाला जरा जास्त धार चढली होती.

सौ.चा पक्ष महाबळेश्वरचा. फलटण, लोणंद, सुरूर, वाई, की लागलाच पसरणी घाट. चारएक तासांत दारात. "अहो, तिथे पॉइंटापर्यंत गाडी जाते. अण्णांच्या गुडघ्यांचा विचार करा," हा तिचा हुकमी मुद्दा. शिवाय क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम मानतात, तेही तिला पाहायचे होते. "आपली कऱ्हा निरेला मिळते, नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला. मग कृष्णा आपली नाही का?" या भूगोलापुढे मराठीचा प्राध्यापक काय बोलणार! धाकट्याला वेण्णा तलावावर नाव वल्हवायची होती आणि स्ट्रॉबेरी-क्रीम खायचे होते. ताज्या स्ट्रॉबेरीचा खरा बहर हिवाळ्यातला, ही माहिती मी त्याला दिली. ती त्याने ऐकून न ऐकल्यासारखी केली.

थोरली माथेरानची. पाठीला पिशवी लावून दिवसभर भटकणाऱ्यांपैकी ती. आणि तिच्या बाजूला, सर्वांना चकित करीत, अण्णा! कारण एकच : तिथली छोटी आगगाडी. १९१४ मध्ये सुरू झालेली बारामती-दौंड गाडी अरुंद रुळांवरून धावायची. अण्णांचे सारे तारुण्य त्या गाडीत गेले. पुढे रूळ रुंद झाले आणि अण्णांच्या मते प्रवासातली गंमत संपली.

निवाडा माझ्याकडे आला. मी नकाशे आणि उंचीचे आकडे काढून बसलो, आणि मोठी मौज आढळली. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंच, माथेरान सव्वीसशेच्या आसपास. पण आपली बारामतीच मुळी समुद्रसपाटीपासून साडेसतराशे फुटांवर! म्हणजे माथेरानला जाणारा मुंबईकर खराखुरा डोंगर चढतो. बारामतीकर मात्र आधी आख्खा खंडाळ्याचा घाट उतरून नेरळला, जवळजवळ समुद्राच्या पातळीला जातो आणि पुन्हा चढून घरापेक्षा जेमतेम साडेआठशे फूट वर पोचतो. ज्याला हाडापर्यंत गारवा हवा त्याने सरळ महाबळेश्वर गाठावे. माथेरानचा गारवा उंचीचा कमी आणि झाडांच्या सावलीचा अधिक.

मुळात ही दोन गावे वसलीच वेगवेगळ्या वृत्तीने. महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने सातारच्या छत्रपतींकडून जागा मिळवून वसवले. त्याला सरकारी थाट आहे. तिथले पॉइंट एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर. आर्थर सीट एका टोकाला, प्रतापगड दुसऱ्या. स्वतःची गाडी असली तर ऐसपैस, नसली तर टॅक्सीवाल्याच्या घड्याळाप्रमाणे निसर्ग पाहायचा. माथेरान १८५० मध्ये ठाण्याच्या मॅलेट नावाच्या कलेक्टरला सापडले (आदिवासींना ते कधी हरवलेच नव्हते, ही गोष्ट निराळी), आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने तिथे दोन फुटी रुळांची गाडी पोचली. मोटारीला मात्र आजही दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. पुढे पाय, घोडा, नाहीतर ती गाडी. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेवढाच फरक.

हा निवाडा माझ्या हातून कधी झालाच नाही. "मला पॉइंट बघायचेच नाहीत," अण्णा एका रात्री जेवताना म्हणाले, "मला नुसते बसायचे आहे." सौ.ने त्यांच्याकडे पाहिले, पोळी वाढली आणि दुसऱ्या दिवशी माथेरानसाठी बॅगा काढल्या.

नेरळहून सुटणाऱ्या गाडीत जागा मोजक्या. आम्हांला मिळाल्या नाहीत. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून गावापर्यंत येरझारा घालणाऱ्या गाडीवर भागवावे लागले. त्याआधी एक हातरिक्षावाला अण्णांपाशी आला. अण्णांनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाबा, तू माझ्या नातवाच्या वयाचा. मी नाही बसायचा." (पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला.) गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून वाकून रूळ न्याहाळले आणि निकाल दिला, "आपली अडीच फुटी होती. ही अर्ध्या फुटाने कमी. पण आवाज तोच."

तीन दिवसांत थोरलीने लुईझा, इको, वन ट्री हिल असे सगळे पालथे घातले. धाकटा पहिला दिवस कुरकुरला, दुसऱ्या दिवशी त्याची एका घोडेवाल्याच्या मुलाशी गट्टी जमली आणि तो जेवायलाही सापडेना. सौ.ने चपला, चिक्की आणि मध एवढी खरेदी केली की महाबळेश्वरची बाजारपेठ हुकल्याची खंत उरली नसावी.

पण मी पाहत राहिलो ते अण्णांना. बारामतीत गेली दोन वर्षे ते भिंतीच्या कडेने चालतात. मागून मोटारसायकल येते, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, हॉर्न वाजला की ते काठी उचलून जागीच थांबतात. गुडघे दुखतात हे खरे, पण पायांना धास्ती बसली होती ती हॉर्नची. इथे पहिल्या संध्याकाळी बघतो तो अण्णा तांबड्या रस्त्याच्या अगदी मधोमध काठी टेकीत चालले आहेत! चार पावले चालत, थांबत, वर झाडातल्या माकडाशी काही बोलत. मागच्या घोड्याने त्यांना वळसा घातला. माथेरान धडधाकट चालणाऱ्यांचे, असे सगळे सांगतात. तसाच सल्ला मला स्टाफरूममध्येही मिळाला होता. ज्याचे चालणे सरत आले आहे त्याला तिथे पाठवून पाहा, असे मी आता त्या सल्लागारांना सांगतो. मोटारीतून काचेआडून पॉइंट बघण्यात म्हाताऱ्या माणसाची सोय असते, पण त्यात त्याचे स्वतःचे असे एक पाऊलही नसते.

ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे, ज्यांना वेळीअवेळी डॉक्टर लागू शकतो, ज्यांना सामान स्वतःच्या नजरेआड झालेले खपत नाही, त्यांनी मात्र महाबळेश्वरच धरावे. पावसाळ्यात जाणार असाल तर दोन्हीकडे विचार करून जा. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक कोसळतो, आणि आपल्याला वीसच्या आसपास पावसाची सवय.

निघायच्या दिवशी दस्तुरीला गाडीत सामान भरताना सौ. म्हणाली, "अण्णा, पुढच्या वर्षी मात्र महाबळेश्वर. कृष्णाबाईचे दर्शन राहिले आहे."

"जा की," अण्णा म्हणाले, "जाताना मला इथे सोडा, आणि येताना घेऊन जा."