६७ किलोहर्ट्झच्या उपवाहकास अनावृत पत्र

प्रिय उपवाहका,



एफएम रेडिओ ऐकणाऱ्या बहुतेकांना तुझं नावही ठाऊक नाही. स्टेशनच्या एकाच लहरीत किती जण नांदतात! तळाशी, १५ किलोहर्ट्झपर्यंत, सगळ्यांना ऐकू येणारा आवाज. १९ वर स्टिरिओची खूण पटवणारा पायलट सूर. २३ ते ५३ च्या पट्ट्यात डाव्या आणि उजव्या आवाजांतला फरक. त्याही पलीकडे, ६७ वर, तू. साधा रेडिओ तुला गाळून टाकतो. वेगळा डिकोडर जोडला, तरच तू बोलतोस.

अमेरिकेत प्रसारणाचं नियमन करणाऱ्या एफसीसीने १९५५ मध्ये तुझ्यासारख्यांना परवानगी दिली ती धंद्यासाठी. दुकानांत, कचेऱ्यांत बिनजाहिरातींचं संगीत पोहोचवायचं आणि त्याचं भाडं घ्यायचं. हलाखीतल्या कित्येक एफएम स्टेशनांना या भाड्याने हात दिला. तो उपकार मोठाच. पण माझा जीव तुझ्यावर जडला तो मिनेसोटामुळे.

तिथे २ जानेवारी १९६९ रोजी ‘रेडिओ टॉकिंग बुक’ सुरू झालं. अंधांसाठी रेडिओवरून वाचन करणारी ही जगातली पहिली सेवा. राज्याच्या अंधसेवा विभागातल्या स्टॅन्ली पॉटर यांनी ती उभी केली आणि कॉलेजव्हिलच्या केएसजेआर स्टेशनने तिला उपवाहकाची वाट दिली. श्रोत्यांना खास रेडिओ वापरायला मिळाले. ब्रेल पुस्तक छापून हाती पडेपर्यंत बराच काळ जातो. वर्तमानपत्र तर संध्याकाळपर्यंत शिळं होतं. ते त्याच दिवशी कानावर पडू लागलं.

पुढे अशा वाचनसेवा ठिकठिकाणी निघाल्या. स्वयंसेवक माइकसमोर बसून बातम्या वाचत, निधनवार्ता वाचत आणि किराणा दुकानांच्या जाहिरातीही वाचत: या आठवड्यात काय स्वस्त, कुठे, केवढ्याला. रोज रोज शेजाऱ्याला काय म्हणून विचारायचं? ज्याला ते विचारावं लागत नाही, त्याला त्या यादीचं मोल कळायचं नाही.

तुझी दुखणीही मला माहीत आहेत. एफएममध्ये वरच्या पट्ट्यात खरखर जास्त. त्यामुळे मुख्य कार्यक्रम स्वच्छ ऐकू येत असतानाही दूरच्या गावात तू आधी खरखरायला लागतोस. तरी लोकांनी तुझी साथ सोडली नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात अंधांसाठीच्या वाचनाला सूट देताना रेडिओ उपवाहकाचा नावानिशी उल्लेख आहे. टीव्हीतल्या तुझ्या भावंडानेही हाच वसा घेतला. दुसऱ्या ध्वनिवाहिनीच्या उपवाहकावरून बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच स्टेशनने १९९० मध्ये दृश्यांचं वर्णन ऐकवणारी सेवा सुरू केली. पडद्यावर कोण आलं, कोण गेलं, हे पात्रांच्या संवादांच्या मधल्या जागेत सांगितलं जाऊ लागलं.

आता अनेक वाचनसेवा इंटरनेटवर आल्या आहेत, याचा मला आनंद आहे. पण इंटरनेटला जोडणी लागते, दरमहा पैसे लागतात आणि काचेच्या सपाट पडद्यावर बोटाला खूण सापडत नाही. तुझ्या रेडिओला एक बटण पुरायचं.

तुला जागा मिळाली, कारण ती रिकामी होती. डिजिटल प्रसारणात प्रत्येक बिटचा हिशेब आधीच मांडलेला असतो. चुकून उरलेल्या जागेवर विसंबता येत नाही. म्हणून जे तू उरल्यासुरल्या जागेत केलंस, ते यापुढे ठरवून करावं लागेल. नव्या प्रसारणाचा आराखडा मांडताना न पाहणाऱ्या श्रोत्यांची वाट पहिल्याच कागदावर आखली जावी, आणि ती फुकट व सोपी असावी. तुझं काम डोळ्यांसमोर ठेवूनच मी ही मागणी जाहीरपणे करत आहे.

तुझा,
एक कृतज्ञ चाहता