वहिनी कुठल्या रकान्यात?

गेल्या महिन्यात सांगलीच्या घरातलं अण्णांचं कपाट अखेर रिकामं केलं. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्या कपाटाला हात लावायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. वरच्या कप्प्यात जुनी पंचांगं, मधल्यात आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आणि अगदी तळाला ती लाल कापडी बांधणीची जाड वही. नात्यातल्या मंडळींना ती वही चांगलीच माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा शाळेत मास्तर आणि एलआयसीची एजन्सी आईच्या नावावर. सही आईची, सायकल अण्णांची! वहीत प्रत्येक विमेदाराचं एक पान. नाव, पॉलिसी नंबर, हप्त्याचा महिना, वारस, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. या शेऱ्यांमध्ये काय काय आहे! "मुलीचे लग्न वैशाखात. हप्ता ज्येष्ठात मागावा." "ऊस गेला नाही, दोन महिने थांबणे." आणि कितीतरी पानांवर एकच वाक्य: "मंडळींना कागद कुठे आहेत ते ठाऊक नाही. पुन्हा जाणे."

वही चाळताना माझी एक जुनी फजिती आठवली. फजिती हा शब्द तसा फार सौम्य आहे, पण असो.

माझी सगळी नोकरी आकडेमोडीत गेली. एका वित्तसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी नियोजन विभागात होतो (नाव सांगत नाही, अजून पेन्शन तिथूनच येतं). २००९ साली माझ्याकडे एक काम आलं. शाखांची कार्यक्षमता मोजायची आणि क्रमवारी लावायची. मी भलताच खूष झालो. संख्याशास्त्रात एम.फिल. करताना जी पद्धत शिकलो होतो ती पहिल्यांदाच खऱ्या कामाला येणार होती.

ती पद्धत म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, डीईए. कल्पना तशी सोपी आहे. समजा दोन खानावळी आहेत. एक तीन माणसांत दोनशे ताटं वाढते, दुसरी तेवढ्याच माणसांत दीडशे. मग पहिली सरस, इथे वाद नाही. पण दुसरी जास्त भाज्या करत असेल आणि पहिली गॅस जास्त जाळत असेल तर? कशाला किती महत्त्व द्यायचं? मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली सुचवलं की एखादा आदर्श कल्पून त्याच्याशी तुलना करू नका. प्रत्यक्षात जे सर्वांत चांगलं काम करतात त्यांची एक सीमारेषा आखा आणि बाकीचे तिच्यापासून किती दूर आहेत ते बघा. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी त्याला गणिताचं रूप दिलं. त्यातली गंमत अशी की प्रत्येकाला स्वतःच्या फायद्याचं वजन लावून घ्यायची मुभा असते. म्हणजे "तुझा जो विषय पक्का आहे त्यालाच जास्त गुण धरू" असं म्हणणारा परीक्षक! एवढं करूनही जो मागे पडतो, त्याला तक्रारीला जागा राहत नाही. निदान मला तरी तसं वाटायचं.

बँकांच्या शाखांना ही पद्धत १९८५ पासून लावली जात होती. शर्मन आणि गोल्ड यांनी एका बचत बँकेच्या १४ शाखा अशाच मोजल्या होत्या. मीही बसलो. एका बाजूला लागणाऱ्या गोष्टी: कर्मचारी, जागा, खर्च. दुसऱ्या बाजूला निघणाऱ्या गोष्टी: ठेवी, कर्जं, व्यवहारांची संख्या. संगणकाने गुणांक काढून दिले. सर्वांत खाली एक तालुक्याची शाखा, ०.५८. म्हणजे तिथे होणारं काम आमच्या हिशेबाने ५८ टक्के खर्चात व्हायला हवं होतं.

हा तक्ता मी बॅगेत घालून दिवाळीला सांगलीला घेऊन गेलो. कुणीतरी कौतुक करावं, दुसरं काय!

पाडव्याच्या संध्याकाळी मिरजेच्या वहिनी आल्या होत्या. (वहिनींना विचारूनच हे लिहितोय.) माझा चुलतभाऊ २००६ मध्ये गेला. त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. २००१ साली त्याने दोन लाखांची, वीस वर्षांची पॉलिसी घेतली होती, अण्णांकडून नव्हे, दुसऱ्या एका कंपनीची. चार वर्षं हप्ते भरले, मग धंदा बसला आणि हप्ते थांबले. तो गेल्यावर वहिनी कागद घेऊन त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने संगणकात बघितलं आणि सांगितलं, "पॉलिसी बंद पडलीय, काही मिळणार नाही." वहिनी परत आल्या. कुठला अर्ज नाही, कुठलं लेखी उत्तर नाही. साडेतीन वर्षं त्यांनी हे कुणाला बोलूनही दाखवलं नाही. त्यांना वाटत होतं, हप्ते चुकवले हा आपल्याच घरचा दोष आणि त्याची वाच्यता कशाला?

त्या दिवशी बोलता बोलता विषय निघाला. अण्णांनी चष्मा लावला. "सूनबाई, उद्या ते कागद घेऊन या बरं."

भाऊबिजेला कागद आले. अण्णांनी पाच मिनिटांत सांगितलं की तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरले की पॉलिसी पार मरत नाही, पेड-अप होते. चार वर्षांचे भरलेत, म्हणजे विसातले चार हिस्से. दोन लाखांचे चाळीस हजार. लगेच आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायला मलाच पिटाळलं.

पोस्टातून आल्यावर मी माझा तक्ता काढला. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला. फॅरेल ऐकला, सीमारेषा ऐकली, ०.५८ ऐकला. मास्तर होते, मधे बोलले नाहीत. मग विचारलं,

"हे विमा कंपन्यांनाही लावतात का रे?"

"लावतात की. जगभर लावतात."

"मग आपली सूनबाई यात कुठल्या रकान्यात येते?"

मला उत्तर देता आलं नाही.

खरंच, कुठल्या? जीवन विम्याचं सगळ्यांना माहीत असलेलं मोजमाप म्हणजे दावे निकाली काढण्याचं प्रमाण. वर्षाच्या सुरुवातीचे प्रलंबित दावे अधिक वर्षभरात आलेले दावे, त्यांतले किती दिले. वहिनींचा दावा आलाच नव्हता. काउंटरवरून तोंडी परत पाठवलेलं माणूस भाजकातही नाही आणि भाज्यातही नाही. पुढे जानेवारीत चाळीस हजारांचा चेक आला. म्हणजे कंपनीच्या दफ्तरी काय झालं असेल? एक दावा आला, दोन-अडीच महिन्यांत दिला. कामगिरी उत्तम! ती साडेतीन वर्षं, ज्यात पुतणीने डिप्लोमाला जायचं सोडून दुकानात नोकरी धरली, ती कुठल्याच अहवालात नाहीत.

सामान्य विम्याकडे गेलं तर घोळ आणखी वाढतो. तिथलं लाडकं मोजमाप म्हणजे कम्बाइन्ड रेशो: दावे आणि खर्च मिळून, प्रीमियमच्या किती टक्के. शंभराच्या वर गेलं की विम्याच्या मूळ धंद्यात तोटा. यात दिलेला दावा हा खर्च. पण डीईएवाले अभ्यासक पुष्कळदा तोच दावा 'निष्पत्ती' म्हणून दुसऱ्या बाजूला मांडतात, कारण विमा कंपनी अखेर असते कशासाठी? एकच रुपया, एका तक्त्यात तो जखम आणि दुसऱ्यात कर्तबगारी. पूर आला की पहिल्या तक्त्यात कंपनी बिघडते आणि दुसऱ्यात सुधारते! बँकांचंही तेच. १९६५ मध्ये बेन्स्टनने मांडलेल्या दृष्टीने खाती सांभाळणं हे बँकेचं उत्पादन. १९७७ मध्ये सीली आणि लिंडली म्हणाले, छे, ठेव हा तर कच्चा माल, कर्ज हे उत्पादन. रकाना बदलला की गुणवंत बदलतात. हे सगळं मी एम.फिल.ला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या रकान्यामागे माणूस असतो हे सांगलीच्या माजघरात कळलं.

दिवाळीनंतर मी त्या ०.५८ च्या शाखेत जाऊन आलो. महिन्याचा पहिला आठवडा होता. दाराबाहेर पायरीवर पेन्शनवाल्या म्हाताऱ्या बसलेल्या. एक क्लार्क काउंटर सोडून बाहेर येऊन त्यांच्या स्लिपा भरत होता, अंगठे घेत होता. शिपाई एकेकीला पासबुक वाचून दाखवत होता. माझ्या तक्त्यात त्या क्लार्कचा पगार होता, पण ती पायरी नव्हती. मग कुतूहलाने गुणांक १ मिळवलेल्या एका शाखेचा तपशील मागवला. तिथे ठेवींचा बराच भाग असा होता की त्या खात्यांत वर्षानुवर्षं व्यवहारच नाही. बहुधा माणसं गेलेली आणि घरच्यांना पत्ता नाही. ते पैसे न बोलता पडून होते, त्यांना ना क्लार्क लागत होता ना पायरी. माझ्या गणिताने त्यालाच कार्यक्षमता म्हटलं होतं.

मी अहवालाला टिपण जोडलं. ते परिशिष्टात गेलं. तक्ता पहिल्या पानावर राहिला. पुढच्या वर्षी ती शाखा शेजारच्या तालुक्यातल्या शाखेत विलीन झाली. निर्णय वरचा होता, कारणं इतरही होती, असं मी स्वतःला सांगतो. पण तक्ता माझा होता.

मोजूच नये असं अण्णांचं कधीच म्हणणं नव्हतं. उलट आमच्या आजोबांचे विम्याचे पैसे १९५६ च्या आधी एका खासगी कंपनीत बुडाले होते. रायगडच्या चिंतामणराव देशमुखांनी विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं, २४५ संस्था मिळून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली, हे अण्णा आम्हाला गोष्टीसारखं सांगायचे. कुणी वेळेवर मोजलं असतं तर आजोबांचे पैसे वाचले असते, हेही सांगायचे. त्यांची लाल वही म्हणजे तरी दुसरं काय होतं? मोजमापच. फक्त त्यात शेऱ्याचा रकाना होता.

आणि दोष त्या पद्धतीचाही नाही. नंतर पुन्हा वाचताना एक गोष्ट नव्याने दिसली. डीईए ज्या कामातून जन्मली ते काम बँकांचं नव्हतंच, अमेरिकेतल्या गरीब मुलांच्या शाळांचं होतं. तिथे निष्पत्तीच्या रकान्यांत वाचन होतं, गणित होतं, आणि तिसरा रकाना होता मुलांच्या आत्मसन्मानाचा! ज्यांनी पद्धत काढली त्यांना तो रकाना मांडावासा वाटला. आम्ही बँकवाल्यांनी ती उचलली आणि जे लेजरमध्ये आयतं मिळेल तेवढंच भरलं.

२०१४ साली रिझर्व्ह बँकेने एक निधी काढला. दहा वर्षं कुणी न हलवलेल्या ठेवी बँकांनी त्यात जमा करायच्या. नाव काय, तर डिपॉझिटर एज्युकेशन अँड अवेअरनेस फंड. म्हणजे पुन्हा डीईए! वाचलं तेव्हा एकट्यानेच हसलो. मार्च २०२४ अखेर त्यात ७८ हजार कोटींहून जास्त रुपये होते. पहिल्या डीईएने ज्या ठेवींना शाबासकी दिली असती, त्याच दुसऱ्या डीईएत बेवारस म्हणून जाऊन पडल्या आहेत.

आता नात्यातली मुलं मला फोन करून विचारतात, "काका, अमुक कंपनीचं क्लेम सेटलमेंट ९८ टक्के आहे, घेऊ का?" मी सांगतो, घे, पण तेवढंच बघू नकोस. एकसष्टाव्या महिन्याचा पर्सिस्टन्सी रेशो बघ, म्हणजे घेतलेल्या पॉलिसींतल्या किती पाच वर्षांनंतरही चालू राहतात. कित्येक कंपन्यांत तो पन्नासच्या आसपास किंवा त्याखाली दिसलेला आहे. उरलेले सगळे आपल्या दादासारखे. नाकारलेल्या दाव्यांची संख्या बघ, तशी रक्कमही बघ. आणि काउंटरवर कुणी तोंडी 'नाही' म्हटलं तर शांतपणे म्हण, "लिहून द्या." लिहून दिलं की तू रकान्यात आलास.

वही मी पुण्याला घेऊन आलोय. मागे काही पानं कोरी आहेत. परवा एका पानावर माझं नाव घातलं, पॉलिसी नंबर, खाती, वारस, सगळं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्यावर बायकोला हाक मारली आणि विचारलं, आपले कागद कुठे आहेत ग?

तिला ठाऊक नव्हतं.

तेच लिहिलं. अण्णांच्याच शब्दांत.