वीस किलोंचं पोतं

भुसावळात पहाटे चारला एखाद्या घरात दिवा लागलेला दिसला तर कोणी चौकशी करत नाही. कोणाची तरी ड्यूटी असते. गाडी नेणारा असेल, लोको शेडमधला असेल, दीपनगरच्या वीजकेंद्रातला किंवा आयुध निर्माणीतला असेल. आमच्या गावाचं अर्धं आयुष्य पाळ्यांवर चालतं. मी बी.कॉम.ला असताना आमच्याकडेही चारला दिवा लागायला लागला, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "कोन लागलं व रेल्वेत?" लागलं कोणीच नव्हतं. मी पळायला जात होते.

तेव्हा माझं वजन वयाच्या आणि उंचीच्या मानानं बरंच जास्त होतं. लग्नकार्यात कोणी ना कोणी ते बोलून दाखवायचंच, आणि त्याची सवय झाली होती. सवय झाली नाही ती पाळी चुकण्याची. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली, पीसीओडी सांगितलं, आणि म्हणाल्या की आहे त्या वजनातलं पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी पाळी मार्गी लागायला पुष्कळ मदत होते. त्याच वर्षी बाबांच्या रक्तात साखर निघाली. आमचं किराणा दुकान. बाबा दिवसभर गल्ल्यावर बसलेले, मी दिवसभर पुस्तकापुढे. घरात एकाएकी सगळं आरोग्याचं बोलणं सुरू झालं.

ते वर्ष 2018. त्याच वर्षी आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत रेल्वेनं 'ग्रुप डी'ची मोठी भरती काढली. देशभरात 62,907 जागा. भुसावळसारख्या गावात अशा जाहिरातीनं काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पंधरा दिवसांत रेल्वेच्या मैदानावर पहाटे पाय ठेवायला जागा उरली नाही. एका बाजूला पोलीस भरतीची मुलं सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारत, मुली आठशेच्या. दुसऱ्या बाजूला ही रेल्वेवाली. आई मला घेऊन तिथे गेली ती चालायला म्हणून. अंधारात मुलीनं एकटीनं जायचं नाही, म्हणून तिनं स्वतःची झोप मोडली. आधी कट्ट्यावर बसून राहायची, मग तीही चालायला लागली.

तिथे नाना होते.

नाना रेल्वेत कीमन होते, म्हणजे चावीवाले. हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, एका रुळानं जायचं आणि दुसऱ्यानं परत यायचं. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, खडीवरून. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. सावलीतलं तापमान ते. रूळ त्याहून किती तापत असेल ते हात लावणाऱ्यालाच माहीत. असं आयुष्य काढून नाना निवृत्त झाले, पण चारला उघडणारा डोळा काही निवृत्त झाला नाही. ते मैदानावर येऊन बसत. भरतीच्या मुली पहिल्याच फेरीत जीव खाऊन धावतात आणि दुसरीत पोट धरून बसतात, हे पाहवेना म्हणून त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. क्लास नाही, फी नाही, शिट्टीसुद्धा नाही.

रेल्वेची शारीरिक परीक्षा साधी आणि कडक आहे. मुलींनी 20 किलोंचं वजन खाली न ठेवता 100 मीटर न्यायचं, दोन मिनिटांच्या आत. आणि 1000 मीटर पळायचं, 5 मिनिटं 40 सेकंदांत. मुलांना 35 किलो, आणि पळायला 4 मिनिटं 15 सेकंद. संधी एकच. नानांच्या मुलींनी तापीच्या वाळूनं एक गोणपाट भरून सुतळीनं तोंड शिवलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका पहाटे नानांनी मला चालता चालता थांबवलं. माझं वजन किती ते मी सांगायला लागले, कारण तोवर भेटणारा प्रत्येकजण तेच विचारायचा. ते म्हणाले, "वजन मले नको सांगू, पोरी. दम किती पुरतो ते सांग." मग म्हणाले, "ते पोतं उचल बरं."

मी उचललं. दोघींनी खांद्यावर नीट बसवून दिलं आणि मी चालायला लागले. शंभर मीटरवरची चुन्याची रेघ ओलांडून मी पोतं ठेवलं, तेव्हा मागे सगळ्या मुली गप्प होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना ते पोतं निम्म्या वाटेत टेकवावं लागत होतं. नाना त्यांना म्हणाले, "हिचे पाय पाहा. रोज वजन वाहून राह्यलेत ते. ताकद आहेच, दम तेवढा आनायचा आहे."

माझ्या शरीराबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. तेही मन राखायला म्हणून नव्हे. उभ्या आयुष्यात वजन उचललेल्या माणसानं कामाच्या नजरेनं पाहून दिलेला तो निकाल होता. पुढे जे काही झालं ते या एका वाक्याच्या बळावर झालं असं मी आजही मानते. लाज वाटून माणूस चार दिवस पळतो. मला तिथे परत जावंसं वाटायला लागलं, कारण तिथे मी कशात तरी पुढे होते.

पोतं ज्यांना जड जात होतं त्यांच्यात ताई होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, यावलकडच्या एका गावातली, वडील केळीच्या बागांमध्ये मजुरीला. भुसावळात खोली करून राहायची. पळण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती, पण अंगावर मांसच नव्हतं. बेचाळीस किलोंच्या मुलीच्या खांद्यावर वीस किलो ठेवल्यावर काय होणार? सकाळी पोहे, रात्री खिचडी, मधे चहा, असं तिचं खाणं. नानांनी आम्हा दोघींची जोडी लावून दिली. तिनं मला पळवायचं आणि मी तिला पोतं उचलायला शिकवायचं.

पुढे कधीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019–21 चे आकडे माझ्या वाचनात आले. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी साधारण 21 टक्के गरजेपेक्षा बारीक आणि 23 टक्के गरजेपेक्षा जाड. हे आकडे वाचताना मला आमच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी जेवायला बसलेल्या आम्ही दोघी दिसल्या.

कारण आईनं ताईला घरी जेवायला आणायला सुरुवात केली होती. "खाऊन जा व माय," एवढंच ती म्हणायची. ताईला अवघडल्यासारखं वाटेल असं एक अक्षर जास्त नाही. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळण आमच्याकडे असतंच. त्या एकाच परातीतल्या पिठाच्या भाकरी ताईला वजन वाढवायला आणि मला उतरवायला चालल्या. तिच्या भाकरीवर तेल-चटणी, सोबत शेंगदाण्याचे लाडू. माझ्या भाकरीबरोबर दही, कांद्याची पात, पालेभाजी. उडदामुळे भाकरी पोटात टिकते, चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. शेवभाजीची तर्री आईनं बंद केली नाही, पण आठवड्यातून एकदाच ठेवली. भरितातलं तेल तिनं निम्म्यावर आणलं, आणि खानदेशात भरिताचं तेल कमी करणं हे किती धाडसाचं काम आहे ते थंडीत एकदा आमच्याकडे येऊन पाहावं. माझ्या दोन मावश्या त्यावरून रुसल्या होत्या.

तेव्हा घरोघरी दीक्षितांच्या पद्धतीची चर्चा होती. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेलेला: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. बाबांनी डॉक्टरांना विचारून ते धरलं. मी पळायला जाणारी, मला मधे खावं लागे. नानांना या कशाचंच वावडं नव्हतं. ते एवढंच सांगत की घरात शिजतं ते खा, दिवेलागणीला खा, आणि पळून आल्यावर एक केळं खाच. केळ्यानं वजन वाढतं असं तेव्हा मला सगळे सांगायचे. रावेर-यावलच्या केळीवर जगणाऱ्या आणि 2016 मध्ये त्या केळीला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जिल्ह्यात हे बोललं जावं, याचं नानांना फार वाईट वाटे. एका केळ्यात शंभराच्या आसपास कॅलरी. तेवढ्या तर एका मूठभर शेवेत सहज निघतात.

नानांची शिकवण्याची पद्धत सावकाशीची होती. आधी नुसतं चालणं, तेही मातीवरून. डांबरावर माझे गुडघे धरतील म्हणाले. मग शंभर पावलं पळ, दोनशे चाल. पळताना शेजारच्या बाईशी बोलता आलं पाहिजे, बोलता येईना की वेग उतरवायचा. हीच कसोटी व्यायामशास्त्राच्या पुस्तकांतही असते हे मला नंतर कळलं. रुळावर चालणारा माणूस पाऊल लहान टाकतो, कारण स्लीपरचं अंतर त्याला बांधून ठेवतं. नाना आम्हाला तसंच लहान पाऊल टाकायला लावत, आणि खरंच दम जास्त पुरायचा. उन्हाळ्यात लिंबू, मीठ, साखर घातलेली बाटली प्रत्येकीच्या हातात आहे की नाही ते पाहिल्याशिवाय सुरुवात होत नसे. "पानी पी आधी," हे त्यांचं रोजचं रामराम.

वजनकाट्यावर चढायला त्यांची मनाई होती. महिन्यातून एकदा, बस. त्यामागचं शास्त्र मला पुढे डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामावरून उमगलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले हे डॉक्टर आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काट्यावरचा आकडा सगळं सांगत नाही, आणि आपल्याकडच्या माणसाबद्दल तर फारच कमी सांगतो. नानांनी 'लॅन्सेट' पाहिलेला नाही. पण माझ्या एका महिन्यात काटा जागचा हलला नव्हता आणि मी रडवेली झाले होते, तेव्हा त्यांनी मला मैदानाच्या दोन फेऱ्या न थांबता मारायला लावल्या आणि विचारलं, "दिवाळीत जमत होतं का हे?"

बाबांचाही यात वाटा आहे. मुलींचं पोतं अंदाजानं भरलेलं होतं, कोणी अठरा म्हणे, कोणी बावीस. बाबांनी ते दुकानातल्या काट्यावर घेतलं, वाळू काढून-घालून बरोबर वीस किलो केलं, आणि आणखी एक पोतं स्वतः भरून दिलं. गल्ल्यावरून न उठणारा माणूस ते पोतं सायकलला लावून मैदानापर्यंत चालत घेऊन आला.

वर्ष-सव्वा वर्षात माझे सगळे ड्रेस ढगळ झाले. आईनं शिलाई मशीनवर एकेक आत घेतला. मी म्हटलं, आतलं जास्तीचं कापड कापून टाक. ती म्हणाली, "माया राहू दे. पुढे बाळंतपणं असतात, आजारपणं असतात, अंग खालीवर होतं. त्यात काही वाईट नाही." पाळी तोपर्यंत बरीचशी मार्गी लागली होती.

2019 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ताईची शारीरिक परीक्षा झाली. पोतं तिनं न टेकवता नेलं. आज ती ट्रॅकमेंटेनर आहे, नानांनी आयुष्यभर केलं त्याच खात्यात. गणवेशावरचं केशरी जॅकेट घालून ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा आईनं तिची दृष्ट काढली.

गुरुदक्षिणेचं विचारलं तेव्हा नाना म्हणाले की मले संगणक येत नाही, पोरींचे फॉर्म तू भरत जा. तेव्हापासून भरत आले. 2019 मध्ये 1,03,769 जागांची जाहिरात आली आणि एक कोटीहून जास्त अर्ज गेले. मधे कोरोना, मैदान बंद, आणि लेखी परीक्षा व्हायला 2022 उजाडलं. तेवढा काळ गच्चीवर, गल्लीत, शेताच्या बांधावर पळून ज्या मुलींनी दम टिकवला त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. 2025 च्या सुरुवातीला 32,438 जागांचे अर्ज निघाले. जानेवारी-फेब्रुवारीत रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की गल्ल्यावर माझा लॅपटॉप. आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं, फोटो ठरलेल्या आकारात बसवायचा, सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं. मुलींना 250 रुपये भरावे लागतात. परीक्षेला बसलं की ते परत मिळतात, पण भरताना तर लागतातच. नाना बाहेर स्टुलावर बसून असतात. त्यांचे गुडघे आता दुखतात, तरी पहाटेचं मैदान सुटलेलं नाही; नातू गाडीवर सोडतो. ज्या मुलीकडे पैसे नसतील तिचे ते खिशातून काढतात आणि मी घेत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्यांची एक फणी घरी येते, आणि ती मात्र आई परत पाठवत नाही.